फुंकणे वर्ज्य

सर मेले तेव्हा त्यांचे क्लॅरिनेट त्यांच्या उजव्या हाताजवळ पडले होते. पूर्ण जुळवलेले, तोंडाशी रीड, म्हणजे आवाज काढणारी बोरूची पातळ पट्टी, लावलेली. त्यांचे डोके खिडकीच्या दगडी कट्ट्याच्या कोपऱ्यावर आपटले होते. मृत्यू चार ते सहाच्या दरम्यान झाला, एवढेच डॉक्टर सांगू शकले.

पण पाच ते साडेपाच सर वाजवत होते, हे अख्ख्या इमारतीने ऐकले होते. पावणेसहाला त्यांचा जुना शिष्य जिना चढून वर गेला आणि लगेच ओरडत खाली आला. पोलिसांना फार डोके चालवावे लागले नाही. शिष्याला त्यांनी त्याच संध्याकाळी आत टाकले.

चौथ्या दिवशी सकाळी शिष्याची बायको बाईंच्या दारात उभी राहिली.

बाईंनी वीस वर्षे एका विमा कंपनीत काढली होती. कुणाची आग लागलेली आणि कुणाची लावलेली, हे शोधणे त्यांचे काम. नोकरी सोडल्यावरही लोक आपापली कोडी घेऊन त्यांच्याकडे येत. शेजारचे मास्तर, गणिताचे निवृत्त शिक्षक, अशा वेळी वही घेऊन हजर असत. मास्तरांचे अक्षर मोत्यासारखे होते आणि अंदाज हमखास चुकीचे.

शिष्याच्या बायकोने सगळे क्रमाने सांगितले. सर नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात पहिल्या खुर्चीवर बसत, म्हणजे क्लॅरिनेटवाल्यांचे प्रमुख. तिचा नवरा त्यांचा लाडका शिष्य. वर्षापूर्वी तालमीत त्याने सगळ्यांदेखत म्हटले, “सर, तुमच्या तोंडाच्या डाव्या बाजूनं हवा गळतेय.” सरांनी त्याला तिथल्या तिथे बाहेरचा रस्ता दाखवला. तेव्हापासून तो एका शाळेत वादन शिकवत होता. त्या दिवशी दुपारी दोन वाजता मात्र सरांचाच फोन आला, की पावणेसहाला ये, तुझ्या कामाचे बोलायचे आहे. शाळेतून तो पाच वाजून वीस मिनिटांनी निघाला. त्याला सगळ्या शाळेने पाहिले होते.

“माझा नवरा भित्रा आहे हो,” ती म्हणाली. “घरात उंदीर निघाला तरी मलाच हाक मारतो. आणि सरांनी स्वतःहून बोलावलं म्हणून तो इतका खूश होता, की शर्टाला स्वतः इस्त्री करून गेला. असा माणूस जीव घ्यायला जातो का?”

मास्तरांनी वहीत ‘इस्त्री’ असे लिहून खाली रेघ मारली.

सरांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. बाईंना ओळखणारे इन्स्पेक्टर सोबत आले. सरांची विधवा बहीण, सगळ्यांची ताई, घर सांभाळत असे. तिने दार उघडले. घटनेच्या दिवशी दुपारी दोनपासून सहापर्यंत ती नेत्रचिकित्सालयात होती, डोळ्यांत औषध घालून बसलेली. तिथल्या परिचारिकेने ते पोलिसांना सांगितले होते.

बाई खोलीत सावकाश फिरल्या. पलंगावर एकावर एक तीन उशा होत्या. टेबलावर नाकात घालायचे थेंब आणि गुळण्यांच्या औषधाची बाटली. फळीवर एक जुना कॅसेट प्लेअर होता. त्याचे झाकण उघडे, खाच रिकामी. वर धुळीचा थर, पण सुरू करायचे बटण तेवढे लख्ख.

“क्लॅरिनेट तुम्ही तपासलंत?” त्यांनी इन्स्पेक्टरांना विचारले.

“अगदी स्वच्छ होतं. आतून कोरडं ठणठणीत. रीडही नवी कोरी.”

मास्तरांनी लिहिले, ‘मयत टापटिपीचा होता.’

ताईने सांगितले, की गेले तीन आठवडे भावाच्या पोटाची तक्रार होती. सगळे मऊ, गिळगिळीत आणि कोमट मागायचा. रात्री उशांना टेकून जवळजवळ बसूनच झोपायचा. “आणि शिंक आली की तोंड हे एवढं वासायचा,” ती म्हणाली. “चारचौघांत मलाच लाजल्यासारखं व्हायचं.” नाट्यगृहातून त्याने रक्तदाबाचे कारण सांगून रजा घेतली होती. रियाज मात्र चुकला नाही. रोज पाचला आतून कडी लावायची आणि अर्ध्या तासाने उघडायची. त्या वेळात तिलाही आत मज्जाव होता.

खुंटीवरच्या कोटाच्या खिशात बाईंना एक छोटे कार्ड सापडले. त्यावर दाताचे चित्र, दवाखान्याचा पत्ता आणि पाच महिन्यांनंतरची एक तारीख होती. बाकी काही नाही.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त टंकलेखिका एकटी राहत होती. त्या दिवशीही ती घरात एकटीच होती. तीस वर्षे तिने छतातून सरांचे वादन ऐकले होते, आणि त्यातली निम्मी वर्षे तक्रार करण्यात घालवली होती.

“एकच ओळ चाळीस चाळीस वेळा घोटायचे,” ती म्हणाली. “मी मोजायची. अलीकडे तर मधेच चहाच्या किटलीसारखं शीऽऽ असं वाजायचं. पण खरं सांगते, गेले तीन आठवडे कान तृप्त झाले. ती शीळ नाही, अडखळणं नाही. सुरू झाले की अर्धा तास सलग, आणि किती गोड. तीस वर्षांत असं वाजवलं नव्हतं त्यांनी. मरणाआधी दिवा मोठा होतो म्हणतात, ते खोटं नाही.”

आरडाओरडा झाला तेव्हा काय घडले, असे बाईंनी विचारले. तळमजल्यावर सरांच्या धाकट्या भावाचे वाद्यदुरुस्तीचे दुकान होते. धाकटे सगळ्यांच्या आधी वर धावले, असे टंकलेखिकेला आठवत होते. ती मागोमाग जिन्यापर्यंत पोचली, तर ते दारातून म्हणाले, वर येऊ नका, आधी डॉक्टरांना फोन करा.

कार्डावरच्या दंतवैद्यांचा दवाखाना दोन चौक पलीकडे होता. सर गेल्याचे त्यांनी वर्तमानपत्रात वाचले होते, पण पोलीस त्यांच्याकडे आले नव्हते, कारण सर त्यांच्याकडे येतात हे कुणाला ठाऊकच नव्हते. त्यांनी पडद्यावर सरांच्या जबड्याचे दोन फोटो शेजारी शेजारी लावले.

“वरच्या डाव्या बाजूच्या दाढा आठ वर्षांपूर्वी काढलेल्या,” त्या म्हणाल्या. “दात गेला की त्याला धरून ठेवणारं हाड बेकार होतं. शरीर बेकार माणसाला पोसत नाही. ते हाड हळूहळू झिजवून टाकतं. इथे नखाएवढी जाडी उरली होती. गालाचा आधार गेला, गाल आत गेला, म्हणून वाजवताना हवा निसटत होती. त्यांना तिथे पक्के दात हवे होते. पण स्क्रू बसवायचा तर भिंत तरी हवी ना?”

ती भिंत त्यांनी नव्याने बांधायला घेतली होती. दाढांच्या हाडावर सायनसची पोकळी असते आणि तिला आतून कांद्याच्या पापुद्र्याइतके पातळ अस्तर असते. डॉक्टरांनी बाजूने छोटी खिडकी पाडून ते अस्तर अलगद वर उचलले होते आणि खालच्या जागेत हाडाचा चुरा भरला होता. सहा महिन्यांत त्याचे शरीराच्या स्वतःच्या हाडात रूपांतर होते, मग त्यात इम्प्लांट, म्हणजे स्क्रूवरचे पक्के दात, बसवायचे. तोवर त्या पापुद्र्याला धक्का लागता कामा नये. नाक जोरात शिंकरायचे नाही, शिंक आली तर तोंड उघडे ठेवायचे, डोके उंचावर ठेवून झोपायचे.

“आणि क्लॅरिनेट?” बाईंनी विचारले.

“फुंकणं पूर्ण वर्ज्य. मी परवानगी देईपर्यंत.”

“त्यांनी ऐकलं असेल?” मास्तर म्हणाले. “म्हणजे, ते तर रोज अर्धा तास...”

“ज्या दिवशी गेले त्याच दिवशी सकाळी अकराला मी त्यांना तपासलंय,” डॉक्टर म्हणाल्या. “हा दुसरा फोटो तेव्हाचाच. चुऱ्याचा कणही हललेला नाही. तीन आठवडे रोज फुंकलं असतं तर अस्तर फाटून सगळं नाकात आलं असतं. या माणसानं फुंकर मारून दिवासुद्धा विझवलेला नाही.”

बाहेर रस्त्यावर आल्यावर मास्तरांनी खिशातून पेन काढले. मग त्यांनी वहीतले ‘मयत टापटिपीचा होता’ खोडले.

वाटेत नाट्यगृह लागले. बाई एकट्याच कार्यालयात गेल्या आणि दहा मिनिटांनी एका पत्राची नक्कल घेऊन आल्या. सरांनी मृत्यूच्या दिवशी दुपारी टाकलेले पत्र संचालकांना दुसऱ्या दिवशी मिळाले होते. माणूसच गेला म्हटल्यावर त्यांनी ते खणात ठेवून दिले. पत्र चार ओळींचे होते. माझी रजा सहा महिने वाढवावी. माझ्या खुर्चीवर माझ्या जुन्या शिष्याला बसवावे. वर्षापूर्वी तो बोलला ते खरे होते. मी परत आलो तरी खुर्ची त्याचीच राहावी.

“धाकटा भाऊही त्याच वाद्यवृंदात ना?” मास्तरांनी विचारले.

“दुसऱ्या खुर्चीवर. अठरा वर्षं.”

धाकटे दुकानात पाठमोरे बसून कुठलेसे वाद्य उघडत होते. पन्नाशीचे, बारीक, हाताची बोटे लांबसडक. बाहेरच्या बाकावर पोलीस बँडमधून निवृत्त झालेले एक हवालदार आपले क्लॅरिनेट वाजवून बघत होते. बँडमध्ये ढोलाशेजारी बसून बसून त्यांचे कान गेले होते, हे ते स्वतःच ओरडून सांगत.

“रीड चिरलीय,” मागे न वळता धाकटे म्हणाले. “उजव्या कडेला. आणि खालून तिसऱ्या भोकावरची गादी गळतेय. ठेवून जा.”

हवालदारांनी रीड उजेडात धरली. उजव्या कडेला केसाएवढी चीर होती.

धाकट्यांनी बाईंच्या प्रश्नांची उत्तरे शांतपणे दिली. दुपारी दोन ते पाच दुकान बंद असते, तेव्हा ते मागच्या खोलीत पडले होते. पाचला उघडले. पाच वाजून पाच मिनिटांनी हवालदार आले आणि आरडाओरडा होईपर्यंत इथेच बसले होते.

“खरंय,” हवालदार मोठ्याने म्हणाले. “मला तर काही ऐकू येत नाही. यांनीच वर बोट दाखवून सांगितलं, ऐका, दादा सुरू झाला.”

सरांची प्रकृती कशी होती, असे बाईंनी विचारले. धाकटे म्हणाले, रक्तदाब होता एवढे ठाऊक आहे. दादा आपले दुखणे कुणाला सांगणारा नव्हता. महिनाभर आपण वर गेलोही नव्हतो.

“डॉक्टर, दवाखाना, काही?”

“काहीच नाही. रोज वाजवत होता की. आजारी माणूस असं वाजवतो?”

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता बाईंनी सगळ्यांना सरांच्या खोलीत बोलावले. ताई पलंगाच्या कडेला बसली, टंकलेखिका खुर्चीवर. शिष्याची बायको दाराशी उभी राहिली. धाकटे कपाटाला टेकले. इन्स्पेक्टर घड्याळाकडे बघत होते. मास्तरांनी नवीन पान काढले.

“सर त्या दिवशी वाजवत नव्हते,” बाईंनी सुरुवात केली. “त्या दिवशीच नाही, तीन आठवडे वाजवत नव्हते. त्यांना फुंकायची बंदी होती.” दंतवैद्यांनी सांगितलेले सगळे त्यांनी थोडक्यात सांगितले. मऊ जेवण, तीन उशा, उघड्या तोंडाची शिंक. ताईने पदर तोंडाला लावला. “पोटाचं नव्हतं तर,” ती पुटपुटली.

“वाद्य आतून कोरडं होतं, रीड कोरी होती. अर्धा तास वाजवलं असतं तर नळीतून श्वासाचं पाणी ओघळलं असतं. ते वाद्य नुसतं जुळवून हाताशी ठेवलेलं होतं.”

“मग आम्ही ऐकलं ते काय?” टंकलेखिकेने विचारले.

“कॅसेट. दात गेल्याचं कळलं तर खुर्ची जाईल, अशी सरांना भीती होती. म्हणून रोज पाचला कडी लावून ते खिडकीशी कॅसेट लावायचे. म्हणूनच एक ओळ चाळीस वेळा घोटली गेली नाही. त्या दिवशी मात्र ती दुसऱ्या कुणीतरी लावली. सर त्याआधीच गेलेले होते.”

इन्स्पेक्टरांनी घड्याळावरून नजर काढली. “शिष्यानं लावली नसेल कशावरून?”

“तो तेव्हा शाळेत होता. आणि ती कॅसेट त्याच्या मुळावरच आली. सर साडेपाचपर्यंत जिवंत होते असं ठरलं, तर पावणेसहाला आलेला तोच एकटा अडकतो. पाचच्या आधी मोकळा आणि पाचनंतर साक्षीदारांत बसलेला, अशाच माणसाला या कॅसेटचा उपयोग होता. ताई दोनपासून सहापर्यंत चिकित्सालयात होत्या, त्यांना गरज नाही. या बाई दिवसभर घरात एकट्या होत्या, त्यांना साक्षीदारच नाही.”

खोलीत कुणीही धाकट्यांकडे पाहिले नाही. मास्तरांनी तेवढे पाहिले.

“मला कॅसेटबिसेट काही माहीत नव्हतं,” धाकटे म्हणाले. “तिच्यावर दादाचं वाजवणं असेल, मी फसलो असेन. सगळेच फसले.”

“तुम्ही फसणं शक्य नाही,” बाई म्हणाल्या. “रीडची चीर तुम्हाला पाठ वळवूनही ऐकू येते. वीस फुटांवर डब्यातून येणारा आवाज ऐकून तुम्ही बहिऱ्या माणसाला मुद्दाम सांगितलंत, दादा सुरू झाला. पण ते सोडा. ती कॅसेट सरांची नव्हतीच.”

टंकलेखिका दचकली.

“सरांच्या वादनात वर्षभर हवा गळत होती. शिष्यानं तेच म्हटलं, तुम्ही ती शीळ ऐकत होता. शस्त्रक्रियेनंतर त्यांना वाजवताच येत नव्हतं. तीन आठवडे जे ऐकू आलं त्यात शीळ नव्हती. तीस वर्षांत असं वाजलं नव्हतं, असं तुम्हीच म्हणालात. मग ते वाजवलं कुणी? शिष्याला वाद्यवृंदाबाहेर काढलेलं. या घरात क्लॅरिनेट वाजवणारा दुसरा माणूस एकच. ज्यानं कॅसेट भरून दिली, त्याला गुपित पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आणि ओरडा झाल्यावर तोच सगळ्यांच्या आधी वर धावला, ती काढून घ्यायला.”

“कॅसेट सापडायला हवी,” इन्स्पेक्टर म्हणाले. “फेकून दिली असेल.”

“ती फेकवली नसणार,” बाई हलक्या आवाजात म्हणाल्या.

धाकट्यांनी आपल्या बोटांकडे पाहिले. मग म्हणाले, “दुकानात. डावीकडचा खालचा खण. फडक्यात गुंडाळलीय.”

त्यानंतर ते थांबले नाहीत. दादाला दवाखान्यातून घरी आणणारे तेच, गुपित सांभाळणारे तेच. रजेच्या काळात पहिली खुर्ची आपल्याला मिळेल, असे त्यांनी धरून ठेवले होते. दादा तसे कधी म्हणाला नव्हता, पण नाही असेही म्हणाला नव्हता. त्या दिवशी चारच्या सुमारास ते वर गेले तेव्हा दादाने सांगितले, की पत्र टाकून आलो, पोराला पावणेसहाला बोलावलंय.

“मी विचारलं, मग तीन आठवडे सगळी इमारत कुणाचं ऐकतेय?” धाकटे म्हणाले. “तर म्हणाला, माझंच. तू माझ्यासारखं वाजवतोस, म्हणून तर कुणाला कळलं नाही. तुझं स्वतःचं काय आहे त्यात?”

त्यांनी ढकलले होते. एकदाच. दादा मागे कट्ट्यावर गेला आणि परत उठला नाही. नंतरचा पाऊण तास ते त्याच्या शेजारी बसून होते. पाच वाजले आणि हात सवयीने कॅसेटकडे गेला, असे ते म्हणाले. बाईंनी ते शेवटचे वाक्य मानले नाही. वाद्य जुळवून हाताशी ठेवणे सवयीने होत नाही.

ताईने एवढेच विचारले, “तू मला का नाही सांगितलंस रे? मी दादाशी बोलले असते.”

शिष्य दुसऱ्या दिवशी सुटला. संचालकांनी त्याला बोलावून सरांचे पत्र दाखवले. आठवडाभर तो ते खिशात घेऊन फिरला, कुणाशी धड बोलेना. शेवटी बायको म्हणाली, की खुर्ची नको असेल तर तसे सांगून ये, हवी असेल तर जाऊन बस, पण घरात असा येरझाऱ्या घालू नकोस. तो जाऊन बसला. ताई अधूनमधून त्यांच्याकडे जेवायला जाते, आणि महिन्यातून एकदा तुरुंगात भेटीलाही जाते. दोन्हीकडे ती कुणाविषयी वाईट बोलत नाही.

खटल्यात कॅसेट पुरावा म्हणून दाखल झाली. बचावाच्या वकिलाने हरकत घेतली, म्हणून ती भर न्यायालयात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवावी लागली. बाई आणि मास्तर मागच्या बाकावर होते. पहिली काही मिनिटे कागद सळसळत होते, कुणी खाकरत होते. मग सगळे थांबले. शिपायाने पंखा बंद केला. अर्धा तास त्या दालनात कुणी हलले नाही. मास्तरांनी काही लिहिले नाही.

कॅसेट संपल्यावर न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. मग लेखनिकाकडे वळून ते म्हणाले, की वादन कुणाचे आहे याची नोंद झालेली दिसत नाही.

वकील कागद चाळू लागले. त्याआधीच आरोपी उभा राहिला.

“माझं,” तो म्हणाला.